चौथं पाणी

अलाझानीच्या खोऱ्यात, आमच्या अंगणाखाली
सात रांजण पुरलेले आहेत, मानेपर्यंत मातीत.
सहांमधली वाइन दरवर्षी बदलते.
सातव्याला आम्ही तीस वर्षं वळसा घालून चालतो,
कोंबड्यासुद्धा. की मलाच तसं वाटतं.

गोचाच्या लग्नासाठी भरला होता तो.
त्या हिवाळ्यात सुखुमीहून गोचा आला
ट्रकमधून, ताडपत्रीखाली.
वडिलांनी तोंड लिंपलं. "हा उघडायचा नाही," एवढंच म्हणाले.
मग दगड ठेवला. मग बाकीचं आयुष्य.

यंदा मुर्मानने पहार घातली.
वास आला तसं शेजारचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.
आत वाइन नव्हतीच, आंबून आंबून व्हिनेगर झालेलं.
बादल्या भरभरून उपसलं.
दोन बाटल्या मी बाजूला ठेवल्या, लोणच्याला होईल म्हणून.
मुर्मान हसला. हसू दे.

तोंड अरुंद, आणि घरात सगळ्यात बारीक मीच.
एकसष्टाव्या वर्षी शिडीवरून उतरले,
हातात चेरीच्या सालीचा घासणा, कमरेला दोर.
वरून नुत्सा ओरडली, माझ्या बहिणीची नात,
"आजी, बोलत राहा! आवाज थांबला की ओढणार मी."

बोलत राहा.
इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी द्राक्षांचे भाव बोलले. मग पाठदुखी.
मग भिंतीचा गाळ खरवडताना
तोंडातून निसटलं: गोचा.
रांजणाने ते नाव घेतलं, जाड केलं,
परत दिलं, पुरुषाच्या आवाजात.

मग सांगितलं.
की तो जाणार त्या रात्री त्याचे बूट मी लपवले.
म्हटलं, अनवाणी कुठे जाईल.
तो वडिलांचे घालून गेला. दोन नंबर मोठे.
पळणाऱ्या माणसाच्या पायात दोन नंबर मोठे बूट
म्हणजे किती पावलं कमी,
हे गणित मी रोज भांडी घासताना करते.
गेलेल्यांच्या नावाने पेले उचलतात तेव्हा
मी स्वयंपाकघरात जाते, मीठ आणायला.
मीठ टेबलावरच असतं.
चर्चमध्ये सगळ्यांसाठी मेणबत्ती लावते,
त्याची तेवढी हातातच विझू देते.

वर शांतता.
मग नुत्सा म्हणाली, "ऐकू येतंय. बोल."

माफ केलं, असं कुणी म्हटलं नाही.
रांजण शब्द परत देतो, उत्तरं नाही.
पण ते बोलणं आता माझ्या बाहेर होतं,
गोल फिरत होतं, चुन्याच्या पाण्यासारखं अंगावर उडत होतं,
जिथे खरचटलं होतं तिथे चरचरत होतं.
मी घासत राहिले.
देव असेलच, तर त्या घटकेला तो
वर दोर धरून बसला होता, नाक दाबून.

पहिलं पाणी काळं निघालं. दुसरं चहासारखं.
तिसऱ्यात माझा हात दिसला.
चौथं मुर्मानने पेल्यात घेऊन पुढे केलं:
धुणाऱ्याने प्यायचं, मगच धुतला म्हणायचा.
प्याले. चव चुन्याची, मातीची,
आणि अगदी तळाशी तो आंबटपणा.
"राहिलंय थोडं."
"राहणारच," तो म्हणाला, "मातीने प्यायलंय ते.
पहिल्या वर्षीची जरा रागीट होईल. भर तरी."

संध्याकाळी नुत्साला माळ्यावर नेलं.
मक्याच्या पोत्यांमागे बूट तसेच,
एकाची जीभ उंदरांनी खाल्लेली.
तिने पाय घालून बघितला. "दोन मोजे घातले तर होतील."
सकाळी तेच घालून चिखलात गेली, द्राक्षं तोडायला.
मी म्हटलं, नाडी नीट बांध.

आठवड्याने, रात्री, सातव्यावर कान ठेवला.
रस उकळत होता आत, जुन्या डागाला खेटून,
झोपेत कुणी पुटपुटावं तसा.

रविवारी पेले उचलले गेले.
मी बसून राहिले.
पावावर दोन थेंब सांडायचे असतात, त्याच्या वाटचे.
हात थरथरला. जरा जास्तच सांडले.