सदतिसावा

छत्तीसचा रोल असायचा.
रेशनच्या साखरेसारखं मोजून मी बटण दाबायचो.
पंधरा जोतिबाला, चैत्रात, गुलाल उडताना
(पैकी नऊ तरी नुसतेच गुलाबी).
सहा रंकाळ्यावर.
एक संध्यामठाचा, दरवर्षी त्याच दगडावर उभं राहून,
पाणी किती उतरलं याची आमची घरगुती नोंद.
उरलेले बारशाला, जावळाला,
आणि तालमीतल्या त्या पैलवानाला,
ज्यानं हप्ता ठरवून फोटो काढून घेतले
आणि पहिलाच हप्ता बुडवला.

मग सायकलवरून गंगावेशीत, बाळू पोवाराच्या लॅबवर.
"चार दिवसांनी या."
चार दिवस आपण काय पाहिलं होतं
ते आपल्यालाच ठाऊक नसायचं.

कधीकधी, फिल्म नीट चढवली असेल तर,
छत्तिसाच्या पुढं लिव्हर आणखी एकदा सरकायचा.
सदतिसावा.
त्याचा हिशेब नव्हता, कशावरही घालवावा.
मी तो सुनंदावर घालवायचो
आणि ती नेमके डोळे मिटायची.
अकरा अल्बम आहेत घरात.
अकराही अल्बमांत माझी बायको
उभ्यानं झोपलेली आहे.

आता पुतण्याकडे ड्रोन आहे.
विश्वजित. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष.
"काका, बघा की!" म्हणत मोबाईल माझ्या चष्म्याला टेकवतो.
वरून संध्यामठ म्हणजे
ताटात कुणीतरी विसरलेली वडी.
माझा दगड कुठाय, विचारलं.
त्यानं दोन बोटांनी पाणी ताणलं, म्हशी ताणल्या,
सापडला.
त्यावर एक पोरगी बसलेली,
हात लांब करून स्वतःचाच फोटो काढत.
तिला काय माहीत तिथं कुणाच्या चपला झिजल्या.
बसू दे.

राग यायला हवा होता.
ज्या कोनासाठी मी एकदा पाण्याच्या टाकीवर चढलो,
वॉचमननं उतरवून कॅमेऱ्यासकट दोन तास बसवलं,
तो कोन या पोरानं केळं खात खात घेतला.
पण राग नाही, थोडी लाज आली.
वरून आपली पेठ केवढी पत्र्याची आहे,
आणि पत्रा उडू नये म्हणून वर टायर, दगड, मोडकी सायकल.
तीस वर्षं मी फक्त दर्शनी बाजू काढत होतो.

सुनंदाही काढते आता.
मीटरचं रीडिंग, भिशीची वही,
बहिणीला दाखवायला दुकानातली साडी,
डॉक्टरला दाखवायला माझा सुजलेला पाय.
हौस म्हणून नव्हे. तरी तिचा हात हलत नाही,
माझा हलायचा.

परवा विश्वजित गच्चीवर ड्रोन उतरवत होता.
बॅटरी संपत आली की ते आपलं आपण घरी निघतं,
त्याचा हा एक गुण मला पटतो.
पण खाली पापड वाळत होते.
पात्यांचा वारा लागला
आणि अर्धं वाळवण चौगुल्यांच्या टाकीत.
"अरं मुडद्या, माझं पापड!"

उतरता उतरता एक फोटो निघाला होता, चुकून.
वाकडा. हललेला. कोपऱ्यात नुसताच पदर.
पापड हवेत, कुणाचीच ओळख नसल्यासारखे.
मधोमध सुनंदा, मान वर,
शिवी अर्धी बाहेर, अर्धी अजून तोंडात,
आणि डोळे.
एवढे डोळे मी अंतरपाट सरला तेव्हाही पाहिले नव्हते.

मी चष्मा पुसेपर्यंत त्याचं बोट फिरलं होतं.
"ब्लर होता ओ, काका."

तीस दिवस राहतो म्हणे कचऱ्यात, मग कायमचा जातो.
आज एकविसावा.
पोराला सांगायचं तर कारण सांगावं लागेल.
खाली सुनंदा वाचलेले पापड तळते आहे.
मी जिन्यात उभा,
चार दिवस थांबायची सवय असलेला माणूस.