आठ पायांचं झुरळ

पहिला सापडला डाव्या कानामागे.
मला वाटलं, चामखीळ.
राखाडी, अख्ख्या मसुराएवढी.
चष्मा लावून बघितलं
तर मसुराला पाय होते.

कुत्रा माझा नाही.
मारिविक मनिलाला गेली, दोन महिन्यांत येते म्हणाली,
आईचं ऑपरेशन आटपून.
त्याला आता अकरावा महिना.
नाव ठेवून गेली पुतो,
म्हणे त्यांच्याकडे तांदळाची गोड इडली असते, ती.
मी पुत्या म्हणते.
चार किलोचा पांढरा जीव,
लिफ्टमधून भाजीच्या पिशवीत नेते,
वर कोथिंबिरीची जुडी.
वादी कबीरच्या या इमारतीत कुत्र्यांना मनाई आहे.
पाटी अरबीत आहे, आणि मला अरबी येत नाही
असं मी ठरवलंय.

दुसरा बोटांच्या बेचक्यात.
तिसरा शेपटीखाली.
सातानंतर मोजणं सोडलं.

बाबा म्हशीच्या कासेवरचे काढायचे,
धारेच्या आधी, पाण्याचा हात फिरवता फिरवता,
आणि शेणीच्या निखाऱ्यावर टाकायचे.
फट्ट.
आम्ही भावंडं त्या आवाजासाठी गोठ्यात बसून राहायचो.
इथे निखारा कुठला?
इंडक्शनची काळी काच. ती तर भांडं ठेवल्याशिवाय तापतही नाही.

डॉक्टर सुदानी, हळू बोलणारा.
चिरडायचा नाही, म्हणाला.
तेल नाही, काडी नाही, मीठ तर नाहीच.
चिमटा कातडीला टेकवून धरायचा
आणि सरळ वर.
घाई केली तर तोंड आत राहतं.
मग गोळी दिली, मटणाच्या वासाची, अकरा रियाल.
एवढ्यात आमचा आठवड्याचा बाजार होतो.

रात्री जेवणं उरकली की
पुत्याला मांडीवर उताणा घेते,
भुवयांचा चिमटा, मोबाइलची बॅटरी,
आणि लोणच्याची रिकामी बरणी, तळाशी स्पिरिट.
बरणीवर अजून 'कैरी' लिहिलेलं आहे,
वहिनींच्या अक्षरात.
दुखलं की तो माझ्याकडे बघत नाही.
एसीकडे बघतो.

पण अंगावर असतात ते थोडेच.
बाकीचे घरात.
पडद्याच्या दुमडीत, सोफ्याच्या शिवणीत,
भिंतीच्या तळपट्टीमागे, प्लगच्या खोबणीत.
महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, म्हणे,
कुणीतरी जवळून जाईल म्हणून.
चादरी उकळल्या. तसं जूनमध्ये इथे
गार पाण्याच्या नळाखालीही हात धरवत नाही.
गादी एकटीने गच्चीवर चढवली.
सुहास सोहारहून फोनवर म्हणाला,
"देऊन टाक ना कुणाला तरी."
मी म्हटलं, आवाज तुटतोय.

फवारणीला कुद्दूस आला, सिल्हेटचा,
पाठीवर पिवळी टाकी.
झुरळं झालीत, मी म्हटलं.
वॉचमनलाही तेच सांगितलेलं.
पुत्या न्हाणीघरात कोंडलेला, आणि नेमका तेव्हाच शिंकला.
कुद्दूस काही बोलला नाही.
भिंतीवर एक चढत होता, सावकाश, छताकडे.
त्याने वाकून बघितला, बराच वेळ,
म्हणाला, "दीदी, झुरळाला सहा पाय.
ह्याला आठ आहेत."
मग पावतीवर नीट अक्षरात लिहिलं: कॉक्रोच.
"पंधरा दिवसांनी परत येतो. अंडी मरत नाहीत."
जाताना न्हाणीघराच्या दाराला
दोन बोटांनी टकटक केली.

काल अंगाला साबण लावताना
कमरेवर, परकराच्या नाडीचा वळ असतो तिथे
खडा लागला.
खडा नव्हता.
आरशात पाठ वळवून, मान अवघडेपर्यंत,
टेकवून, सरळ वर.
बरणीत टाकला. तिथे तो इतरांत मिसळला,
माझा कुठला, पुत्याचे कुठले, कळेना.

रात्री मारिविकचा मेसेज.
आई आता काठी घेऊन चालते.
तिकिटांचे भाव बघतेय.
पुतो बरा आहे ना?

पुत्या माझ्या पोटऱ्यांना टेकून झोपलेला,
कान उलटा पडलेला,
मागची कातडी गुलाबी, स्वच्छ.
मी लिहिलं, बरा आहे.
मग थोडं थांबून लिहिलं,
तू घाई करू नकोस.