काल बावीस होता

पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून
एकोणपन्नास रात्री मोजायच्या.
चांदण्या दिसल्या की उभं राहून आधी बराखा,
मग आकडा. एवढंच.
पण मधली एकही गाळायची नाही.

बाबांना जमायचं ते.
हनोख किहीमकर, बेस्टचे मीटर रीडर,
एकतीस वर्षं भायखळा ते माझगाव
लोकांच्या जिन्याखाली वाकून
टॉर्चच्या उजेडात आकडेच वाचले त्यांनी.
आकडा चुकला तर खोडरबर चालत नसे ऑफिसात.
एक आडवी रेघ, शेजारी सही,
म्हणजे खालचा चुकलेला आकडाही
नीट वाचता यायला हवा.

समोरच्या झुबेदाबी, श्रीवर्धनच्या,
रोज दिवेलागणीला दार उघडून विचारायच्या,
"हनोखभाई, आज कितवा?"
आणि बाबा, दर वर्षी, न चुकता,
"काल बावीस होता."
कारण आजचा आकडा तोंडून निघाला
की मोजणी झालीच,
मग बराखा कशावर म्हणायची?
झुबेदाबींना हे पाठ होतं.
तरी विचारायच्या. एक मिळवायच्या मनात,
आणि दार लावून घ्यायच्या.

त्या संध्याकाळी आई मोरीत घसरली.
मनगट असं वाकलं होतं की
मला अजून ते आठवायचं नाही.
टॅक्सी, केसपेपर, एक्स-रे, बाकडं,
मग दुसऱ्या दिवसाचं बाकडं,
प्लास्टर ओलं, डॉक्टर जेवायला गेलेले.
परतलो तेव्हा आभाळ पुन्हा काळं झालं होतं.
आम्ही तिसऱ्या मजल्याच्या वळणावर,
आईचा हात झोळीत, माझ्या हातात तिच्या चपला.
झुबेदाबींनी आधी आईला विचारलं,
मग काही सुचेना म्हणून, सवयीनं,
"आज कितवा?"

"काल," बाबा म्हणाले.
आणि थांबले.
एक पाय वरच्या पायरीवर तसाच.

रात्री आईनं त्यांना एक वाट काढून दिली.
"टॅक्सीत तुम्ही पुटपुटत होतात. मी ऐकलं.
मोजलं असाल तेव्हा.
नक्की आठवत नसेल तर चालतं,
शंका असली तर बराखा सुटत नाही."
बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.
"सिपोरा," म्हणाले,
"तो मी टॅक्सीचा मीटर वाचत होतो."

हजानना फोन लावला. ते पलीकडे काय म्हणाले
ते ऐकू आलं नाही. बाबा नुसते हं, हं.
मग मला सांगितलं, जणू बिलाची तारीख सांगावी तसं:
मोजत राहायचं. शेवटपर्यंत.
बराखा मात्र या वर्षी नाही.
फ्रीजवरच्या कॅलेंडरवर
तेविसाव्या चौकटीत त्यांनी
आडवी रेघ मारली, बाजूला सही केली,
पूर्ण सही, वडिलांच्या नावासकट.
मग उभे राहिले आणि चोवीस म्हणाले,
इतक्या हळू
की पंख्याखाली ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला
समोरचं दार उघडलं, पण प्रश्न आला नाही.
मीच सांगून ठेवलं होतं त्यांना, विचारू नका म्हणून.
बाबा जिन्यात गेले. वाट पाहिली.
शेवटी स्वतःच म्हणाले,
"झुबेदाबी, विचारा की."
"कितवा आज?"
"आज पंचवीस."
"या अल्ला," त्या म्हणाल्या, "बारा वर्षांत पहिल्यांदा
आजचा आकडा आज सांगितलात."
"या वर्षी सांगता येतो," बाबा म्हणाले.

आत आई डाव्या हातानं
मटार सोलायचा प्रयत्न करत होती,
निम्मे जमिनीवर.
तिला आकडा ऐकू गेला आणि सवयीनं म्हणाली,
"आमेन."
"आमेन कशाला?" बाबा दारातूनच ओरडले,
"बराखा कुणी म्हटली?"
आई एका दाण्यामागे वाकली होती.
"निघून गेलं तोंडातून," म्हणाली. "असू दे."