काज

सतरा सप्टेंबर जवळ आला की
शाळेतून शिपाई येतो.
बाबा, झेंड्याची कड उसवलीय, दोन टाके घाला.
मी घालतो. पैसे घेत नाही.
पोरांना वाटतं देशभक्ती.

उमरग्याच्या बाजारात तेव्हा दस्तगीर मास्तरांचं मशीन होतं,
पायाचं, विलायती,
अंगावरचा सोनेरी सिंह अर्धा झिजलेला.
मी अकरा वर्षांचा. माझ्याकडं काजं.
"पैले धागा देख, रामलिंग, फिर काट.
कटा हुआ काज वापस नै भरता."

आठवड्याला सहा आणे, हाली.
सोलापूरकडच्या नाक्यापलीकडं
तेच सहा आणे कमी भरायचे.
एकाच रस्त्यावर दोन राज्यं, दोन नाणी,
मधे एक बांबू, दोरीनं वर-खाली होणारा.
थोरला भाऊ बांबूपल्याडच्या कॅम्पात गेला होता.
आई त्याचं नाव घ्यायची नाही,
ताट मात्र त्याचंही घासून ठेवायची.

त्या उन्हाळ्यात खाकीचा तागा आला.
छत्तीस शर्ट, दोन-दोन खिसे, खांद्यावर पट्टी.
नाही म्हणायची सोय नव्हती, मास्तर म्हणाले.
म्हणून बघितलं होतं का,
हे मी विचारलं नाही.

रात्री विमान जायचं, दिवे मालवून.
समुद्रापल्याडून येतंय, म्हातारे सांगायचे,
पेट्या भरून, बीदरकडं.
त्यातली एक बंदूक बाजारात आली.
तिच्या दस्त्यावर अक्षरं होती,
उर्दू नव्हती, मोडी नव्हती,
आमच्यातल्या कुणालाच वाचता येईनात.
चालवता मात्र लगेच आली.

पोळ्याच्या तोंडावर ओढ्यापलीकडची वाडी जळाली.
सकाळी वाटेत एक शर्ट पडलेला,
चिखलात, बाहीला घासलेटाचा वास.
तिसरं काज तिरपं.
माझं तिसरं काज तिरपंच जातं,
आजही.

मग ते चार-पाच दिवस.
सोलापूरच्या रस्त्यानं रणगाडे.
बांबू मोडला. कारकून वही टाकून पळाला,
शेवटच्या पानावर फक्त: मिरच्या, चार पोती.
गुलाल आला. भाऊ आला, दाढी वाढलेला,
त्यानं मला खांद्यावर घेतलं.
खांद्यावरून लांबचं दिसतं.
मला दुकान दिसलं.

कुणी शिवले?
एवढंच विचारत होते.
मास्तर म्हणाले, मी.
कॉलर मी, बाह्या मी, खिसे मी.
काजांचं नाव त्यांनी घेतलं नाही,
माझ्याकडं बघितलंही नाही.
भावानं मला खाली उतरवलं
आणि तो गर्दीत शिरला.
कशासाठी, ते त्याच्या मरणापर्यंत
मी विचारलं नाही. मला विचारणं जमतच नाही.

हुसेनबी लेकरं घेऊन रात्रीतून गुलबर्ग्याकडं गेल्या, म्हणतात.
काही जण म्हणतात, आडापर्यंतच.
तो आड पुढं बुजवला. आता तिथं पाण्याची टाकी आहे,
उन्हाळ्यात लोक रांग लावतात, मीही लावतो.

मशीन आमच्या घरी आलं.
कुणी आणलं, घरात कुणी बोललं नाही.
त्याच्यावर मी तीन पोरींची लग्नं केली.

विमान पुन्हा आलं नाही.
ज्यांनी पेट्या धाडल्या
त्यांना नकाशावर आमचं उमरगा सापडलं नसतं.
पेट्यांची फळकुटं मात्र राहिली,
एकीचं आईनं कोंबड्यांचं खुराडं केलं,
बरीच वर्षं टिकलं. चांगलं लाकूड होतं.

देश एक झाला. नाणं एक झालं.
आमच्या गल्लीत मात्र दोन्ही बाजूंची माणसं
अजून एका बाजूनं चालतात,
जिथं दुकान होतं तिथं आल्यावर.

शिपाई म्हणतो, हात थरथरतोय बाबा, राहू द्या,
मशीनवर टाकून घेतो कुणाकडनं तरी.
थांब म्हणतो मी, दोनच टाके आहेत.
झेंड्याला काज नसतं.
म्हणून तर एवढं एकच काम
अजून घेतो.