तूट

साळगावकर दुबईहून म्हणाला बावीस,
वाशीत कुंदाताईंनी लिहिलं बत्तीस.
मधलं अक्षर समुद्रात गळालं की गाळ्यात,
हे शोधायला मला बोलावलं.

आपल्या आकड्यांचं हे असंच.
एकवीस, एकतीस. चोवीस, चौतीस.
सगळा नफा पोटातल्या एका अक्षरावर.

कांदा-बटाटा मार्केट, दुपारचे तीन, एप्रिल.
पंख्याखाली गुलाबी सालपटं उडत होती,
एक माझ्या लॅपटॉपच्या फटीत जाऊन बसलं.
वाळुंज शेठ म्हणाले, इंटरनेटवाले चोर आहेत.
इंटरनेटवाले म्हणाले, लाइन गाळ्याच्या दारापर्यंत स्वच्छ आहे.
दारापर्यंत सगळेच स्वच्छ असतात.

आधी वायफाय बंद केलं.
मग शेजारच्या गाळ्याचा कॅमेरा काढला,
तो आमच्या राउटरवर फुकट जेवत होता.
मग हेडसेट बदलला, फोन बदलला,
आणि पिंग लावून पोत्यावर बसले.
हजार पाठवली,
नऊशे ऐंशी परत आली.

शेठना सांगितलं,
आवाजाच्या बारक्या पुड्या बांधतात,
सेकंदाला पन्नास.
प्रत्येक पुडी आपापली निघते.
उशिरा पोचली तर फेकून देतात,
शिळा शब्द कानाला चालत नाही.
शेठ म्हणाले, म्हणजे तूट.
पन्नास भरली, एकोणपन्नास उतरली.
हो, तूटच.
माझ्या कोर्समध्ये हा शब्द नव्हता.

पण ही तूट सारखी नव्हती.
दहा दहा मिनिटं एकही पुडी हरवत नव्हती,
मग सलग चार सेकंद काहीच नाही.
मी वेळा लिहून काढल्या. त्यातून काही निघेना.
राउटर बंद करून चालू केला,
जे आम्ही काहीच सुचेना की करतो.
कोपरखैरण्याला ऑफिसात कळवलं, उशीर होईल.

लहू शेलार पाठीवरचं पोतं उतरवता उतरवता म्हणाला,
बाई, त्या डबीतला हिरवा दिवा
माल काट्यावर ठेवला की विझतो.
कधीपासून?
दिवाळीपासून.
मग सांगितलं नाहीस?
मला वाटलं, तो तसाच असतो.

चौघांनी काटा सरकवला.
खाली केबल, चपातीसारखी,
लादीच्या सांध्यात दाबलेली.
काट्यावर माल चढायचा
आणि नेमकं तेव्हाच पलीकडून कुणी भाव बोलायचं.
वजन बोलत होतं,
म्हणून भाव ऐकू येत नव्हता.

नवी केबल भिंतीवरून नेली,
गणपतीच्या तसबिरीला वळसा घालून.
जुनी कापून बघितली,
आठ तारांतल्या दोन केसाएवढ्या उरल्या होत्या
आणि तरी सहा महिने
त्यांनी जमेल तेवढं पोचवलं होतं.
लहूने ती उचलली, गुंडाळी केली,
पोत्याचं तोंड बांधायला ठेवून दिली.

पाच वाजता साळगावकरचा फोन आला.
इतका स्वच्छ, की त्याच्यामागे कुणीतरी
चहात चमचा फिरवत होतं तेही आलं.
कुंदाताईंनी भाव विचारला.
तो थांबला.

कालपर्यंत त्या हॅलो, हॅलो करत उठल्या असत्या,
वायर हलवली असती, नेटला शिव्या दिल्या असत्या.
आज सगळे दिवे हिरवे होते.
थांबला म्हणजे तो थांबलाच होता.
कुंदाताईंनी पेन खाली ठेवलं.
मग तो म्हणाला, अठरा.
एकही अक्षर गळलं नाही.

निघताना शेठनी मला बाजूला घेतलं,
हळूच विचारलं,
हे मधनंमधनं बिघडवायचं
एखादं बटण असतं का?

बिलावर मी लिहिलं:
केबल, बारा मीटर.