मुगाचं दळण

नांदेडचा पोरगा जर्मनीला निघाला
अन् माझ्याकडं ठेवून गेला काचेची पेटी,
एक दिवा, फवाऱ्याची बाटली
आणि आत हा.
ऑस्ट्रेलियाच्या जातीचा, झाडावरचा,
रंग सालीसकट मुगाचा. म्हणून मूग.
सेलूत माझी पिठाची गिरणी.
पेटी गल्ल्यामागच्या खोलीत,
जिथं पीठ उडत नाही. म्हणजे कमी उडतं.

गयाबाई डबा टेकवून म्हणाल्या,
भुजंगा, नाव सापाचं अन् पाळलास बेडूक?
कामून?
मला सांगता आलं नाही.

तो तोंडानं पाणी पीत नाही.
बशीत बसून राहतो, पोटाखालची कातडी पिते.
म्हणून नळाचं पाणी रात्रभर घागरीत उघडं,
औषधाचा वास उडेस्तोवर.
म्हणून त्याला हात लावायच्या आधी
कोपरापर्यंत धुतो, साबण न लावता.
बायकोनं बघितलं असतं तर म्हणाली असती,
भाकरीला बसताना एवढं कधी धुतलंत?

एप्रिलात काट्यावर हवेतली ओल अठरा.
पेटीत सत्तर लागते.
सकाळी फवारा, दुपारी फवारा,
लाईट गेली की वरून ओलं पोतं.
दिवसाला तीन तांबे.
हे तीन तांबे मी कुणाला सांगत नाही.

त्याचे रातकिडे बंगळूरहून पार्सलनं येतात.
एकदा डबा उपडा झाला अन्
आठवडाभर गव्हाच्या पोत्यांमागं किरकिर.
सय्यदचाचा कान देऊन म्हणाले,
बेअरिंग गेलं वाटतं तुझं.

पण मोटर सुरू झाली, पट्टा चढला,
ज्वारी पडून जातं घरघरलं
की हा आतून ओरडतो.
क्रॉक. क्रॉक. मग थांबतो, ऐकतो.
त्याला वाटतं पलीकडं कुणीतरी आहे,
त्याच्याच जातीचं, पण थोरलं,
घशात दगड असलेलं,
दहा हॉर्सपॉवरचं.

आषाढ कोरडा गेला तेव्हा पोरं आली,
कमरेला कडुलिंबाचे डहाळे.
काका, बेडूक द्या. धोंडीला. ओढ्यात एकबी घावंना.
मी पेटीपुढं जाऊन उभा राहिलो.
मुसळाला बांधतील, दारोदार नेतील,
वरून ओततील तेच नळाचं, औषधाचं.
नाही म्हणालो.
थोरला म्हणाला, गावापेक्षा मोठा का तुमचा बेडूक?
त्यावर काय बोलणार.
चार ओंजळी कणीक दिली.
ओट्यावरच मळून त्यांनी बेडूक केला,
डोळ्यांना दोन मूग.
तिसऱ्या घरी पाय विरघळले म्हणे,
पाचव्या घरी मुसळावर नुसती लापशी.
पावसाचं मला विचारू नका.

काल अमावस्या. गिरणी बंद.
दिवेलागणीला तो दोनदा ओरडला, थांबला.
मग आणखी एकदा, बारीक.
मी कुलपाची किल्ली हातात घेऊन बसलो होतो.
रिकामं जातं फिरवू नये म्हणतात,
दगड दगडाला खातो.

बटन दाबलं.

तो लगेच बोलला. सलग, दम न घेता,
आठवडाभराचं साठलेलं असल्यासारखा.
समोरच्या ओट्यावरून गयाबाईंचा आवाज,
भुजंगा, आज आवसेला दळण कुणाचं रे?

मुगाचं, म्हणालो.