नऊ पिनांची तार

तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांपलीकडे,
रुबार्बच्या मुरंब्याच्या बरण्यांखाली
माझा सर्व्हर घुमतो.
एका पत्र्याच्या पेटीत पाच बिऱ्हाडं:
घरचे फोटो, चर्चच्या गायकांची हजेरी,
हवामानाच्या नोंदी,
एक काहीच न करणारं (काढून टाकवत नाही),
आणि पाचवं रोकुरचं.

रोकुर माझ्या बहिणीचा नातू.
वरच्या खोलीत बसून समुद्राचा तळ रंगवतो
क्लाक्सविकच्या ट्रॉलरांसाठी:
कुठे खडक, कुठे दरी,
कुठे कुणाचं जाळं फाटून पडलंय.
त्याला ग्राफिक्स कार्ड हवं होतं, अख्खं, वाटणी न करता.
पेटीत कार्ड एकच.

"तुला पडदा कशाला लागतो, एल्स्पा?
तू तर सगळं नेटवर्कवरूनच बघतेस."
खरं होतं.
तरी मी आठवडाभर चालढकल केली.

तीस वर्षं मी किनाऱ्याच्या रेडिओवर बसले.
टेबलासमोर खिडकी नव्हती, भिंत होती.
बोट कधी दिसली नाही.
आवाज यायचा, तेवढीच बोट.
त्यामुळे काळोखाचं मला काही नाही.
गप्प बसलेल्याचं भय वाटतं.

म्हणून म्हटलं, कार्ड घे, पण आधी तार.
खणातून जुनी नऊ पिनांची केबल काढली,
एक टोक पेटीच्या पाठीला,
दुसरं खिळखिळ्या लॅपटॉपला, ज्याचं एस बटण रुसलेलं.
आणि सुरुवातीच्या सूचनांत एक ओळ वाढवली:
जे बोलशील ते इकडेही बोल.
रोकुर हसला. "हे कुठल्या काळातलं?"
माझ्या, म्हटलं.

त्या दिवसापासून
पेटी सुरू झाली की पडद्यावर चारदोन ओळी उमटतात,
पुढची अर्ध्यात थिजते.
तिथे तिने कार्ड सोडलेलं असतं.
बाकीचं सगळं ती अंधारात उरकते.

फेब्रुवारीत त्याने नवी डिस्क बसवली,
कार्ड एका खाचेतून दुसरीत सरकवलं.
मला सांगितलं नाही.
पहाटे दोनला वरून हाक,
"एल्स्पा, नेटवर्क गेलं."
त्याच्या पडद्यावर समुद्राचा तळ लख्ख होता,
पण तो पाठवायला वाट नव्हती.
चारला ट्रॉलर सुटणार.
माझ्या फोनवरून सर्व्हर लागेना.
खाली पडद्यावर तीच अर्धी ओळ.

"बटण दाबून बंद करतो."
आत पाच बिऱ्हाडं झोपलीयत आणि तू घराला धक्का मारणार?
असं काहीतरी मी ओरडले,
पायात मोजे एकाच पायात.

लॅपटॉप उघडला. एंटर.
काही नाही.
वर वारा छपराचं गवत विंचरत होता.
पुन्हा एंटर.

स्कार्वुर लॉगिन:

स्कार्वुर, आमच्याकडे पाणकावळ्याला म्हणतात.
बुडी मारतो आणि आपण काठावर उगाच श्वास धरतो.
मीच ठेवलंय हे नाव.
त्या क्षणी मात्र घसा दाटला,
बासष्टाव्या वर्षी, बटाट्यांच्या वासात.

सेकंदाला नऊशे साठ अक्षरं,
माणसाला वाचता येतील इतकी सावकाश.
त्यांत सापडलं:
कार्ड हललं तसा नेटवर्कच्या दाराचा नंबरही हलला.
तीनचं चार झालं होतं.
पेटी बिचारी अजून तीन नंबर ठोठावत होती.

तीन खोडून चार लिहिला.
रुसलेलं एस दोनदा दाबावं लागलं.

वरून रोकुरचा आवाज, "गेला! नकाशा गेला!"
मी उत्तर दिलं नाही.
थोडा वेळ ते लुकलुकणारं चौकोनी टिंब बघत बसले,
जुन्या सवयीने,
कुणी अजून काही बोलतंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी बटाटे आणायला उतरले
तर केबलला लाल लोकर बांधलेली,
वर पुठ्ठ्यावर त्याच्या अक्षरात:
हात लावू नये.
आणि खाली, बारीक:
मीसुद्धा.